घरी बसल्याचे पैसे

तेलगावच्या फाट्यावर चार रस्ते फुटतात. एक माजलगावला, एक धारूरला, एक वडवणीवरून बीडला आणि चौथा सिरसाळ्यावरून परळीला. दसरा सरला की या फाट्यावर दोन उलट्या दिशांची वर्दळ सुरू होते. धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी पुणे-सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. त्याच सुमारास इथे सुंदरनगरला सोळंके कारखान्याचा बॉयलर पेटतो. (जुनी माणसं अजून त्याला ‘माजलगाव कारखाना’च म्हणतात.) मग त्याच्या उसासाठी दुसरीकडच्या टोळ्या आत येतात. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, तो जायकवाडीचा दुसरा टप्पा, आणि खालच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. वरच्या मुरमाड रानाला पाणी कधी चढलं नाही. खालचे ऊस लावतात, वरचे ऊस तोडतात; फक्त आपल्या शेजाऱ्याचा नव्हे, दोनशे मैलांवरच्या कुणाचा तरी.

माझं घर दोन्ही बाजूंना आहे. वडिलांकडचे सगळे तोडीवर जाणारे. आईचा भाऊ एका साखर कारखान्यात हंगामी कामगार, गेटच्या आतला. सुट्टी, आजारपण, दवाखाना हे विषय निघाले की आमच्या ओसरीवर दोन वेगवेगळ्या देशांतली माणसं बसल्यासारखं वाटायचं. मामा म्हणायचा, “मी चार दिवसाची सिक टाकली.” आजी विचारायची, “टाकली म्हंजी कुठं टाकली?”

आजी बाहत्तरच्या दुष्काळाआधी पोटासाठी गाव सोडून गेलेली नव्हती. त्या वर्षी विहिरी आटल्या, जनावरं बाजारात कवडीमोलानं गेली आणि अख्खा गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला बसला. तेव्हा कामावर मिळालेल्या सुकडीची चव अजून तोंडात आहे म्हणते. इतकी खाल्ली की पुढं आयुष्यभर वासही सोसला नाही. त्या कामावर तिच्या पायाच्या अंगठ्यावर हातोडा बसला. अंगठा ठेचला, काळा पडला, पू झाला. पडावं लागलं. मस्टरवर बसणारा कारकून कुणीतरी परगावचा पोऱ्या होता. त्यानं आठवडाभर तिच्या नावापुढं हजेरी लावली, आणि पगाराच्या दिवशी, “बाई, कुनाला सांगू नका,” म्हणाला. आजीनं पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही. मला सांगितलं तेही तो कारकून आता नोकरीत नसणार याची खात्री करून घेतल्यावर.

मला या गोष्टीचं अप्रूप वेगळंच वाटतं. कारकुनानं चोरून जे केलं, ते पाच-सहा वर्षांत महाराष्ट्रानं कायद्यात लिहून टाकलं. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामावर इजा झाली तर सरकारी खर्चानं उपचार, आणि दवाखान्यात पडावं लागलं तर तेवढे दिवस निदान निम्म्या मजुरीइतका भत्ता, असं त्यात आहे. पुढं देशभराच्या रोजगार हमीतही तेच आलं. खडी फोडणाऱ्या बाईच्या ठेचलेल्या अंगठ्याची दखल कायद्यानं घेतली. पण कायदा येईतो आजी सडकेवर उरली नव्हती. बैल घेण्यासाठी आजोबांनी मुकादमाकडून उचल घेतली होती आणि दोघं फडात पोचले होते.

फडाचा हिशोब शहरातल्या वाचकाला एकदा सांगून टाकतो. तोडीवर माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा आला तर तो अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादम जोडीला उचल देतो, कारखाना मुकादमाला देतो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, टनावर काम. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. जोडीचे दिवसाला दीड-दोन टन होतात. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची. उचल फिटली तर सुटलात. बाकी राहिली तर ती पुढच्या साली तुमच्या मानगुटीवर.

आणि या जोडीतला एक जण जरी बसला, तरी खाडा. त्या दिवशीची मजुरी जाते हे तर झालंच. वर मुकादम दंड लावतो. आजीच्या वेळी किती होता ते तिला आठवत नाही. अलीकडे दिवसाला पाचशे रुपये हा आकडा बीडच्या कुठल्याही वस्तीवर ऐकू येतो. ताप आला, पाळीत पोट धरून बसली, लेकराला दवाखान्यात न्यायचं झालं, कारण काहीही असो. बाकीच्या जगात आजारी माणसाला रजा मिळते किंवा मिळत नाही. इथं तो रजा विकत घेतो, तीही आगाऊ घेतलेल्या कर्जातून.

माझी थोरली आत्या फडात जन्मली. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाचटाच्या बिछान्यावर, शेजारच्या कोपीतल्या म्हातारीच्या हातांनी. पहाटे जन्मली आणि उजाडल्यावर मुकादम विचारायला आला. तब्येत नव्हे, गाडी कोण भरणार ते. पाचवीला आजीनं तिथंच सटवाई पुजली. कोरी वही-पेन ठेवतात ना, सटवाईनं नशीब लिहावं म्हणून, तर वही कुठली असणार फडात; उसाच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या चिटबॉयकडून एक कोरी चिठ्ठी मागून आणली आणि तीच पाटावर मांडली. “सटवाईनं काय लिवलं ते काय कुनाला दिसत न्हाई,” आजी सांगायची, “मुकादमानं वहीत काय लिवलं ते दिसलं. पाच खाडे.” सहाव्या दिवशी ती मोळी बांधायला उभी राहिली. त्या साली उचल फिटली नाही.

ही गोष्ट आजी हसत सांगायची. मामा मात्र तापायचा. तो युनियनच्या शिबिरांना जाऊन आलेला. तिथं ऐकलेलं सगळं तो आम्हा पोरांवर ओतायचा, आणि खरं सांगायचं तर कामगारांचा इतिहास मी पुस्तकाआधी मामाच्या तोंडूनच ऐकला. तो सुरुवात नेहमी नारायण मेघाजी लोखंड्यांपासून करायचा. १८८४ साली मुंबईत लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी आयोगापुढं ठेवलं. रविवारची सुट्टी त्यातली, जी पुढं १० जून १८९० ला मिळाली. ती सगळ्यांना ठाऊक असते. मामा बोट उभं करून त्यातली दुसरी मागणी सांगायचा. कामावर जबर दुखापत झालेल्या मजुराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. एकशेचाळीस वर्षांपूर्वी! “आणि तो मानूस गेला कसा,” मामा विचारायचा आणि स्वतःच सांगायचा. १८९७ च्या प्लेगात लोकांची सेवा करता करता गेला.

मग मामाची गाडी बाबासाहेबांवर यायची. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंत होणाऱ्या कामकरी बायकांना पगारी विश्रांती देण्याचं विधेयक आलं, आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनंही उचलावा, असा त्यांचा मुद्दा. १९२९ ला कायदा झाला. तो कारखान्यातल्या बायकांपुरता होता आणि मुंबई इलाख्यापुरता. नगरच्या पलीकडं निजामाचं राज्य सुरू व्हायचं, तिथं तो थांबला. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाकडं आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आजीच्या आईपर्यंत तो कायदा पोचण्याचा प्रश्नच नव्हता. पण आजीपर्यंत? तोवर १९६१ चा केंद्राचा मातृत्व लाभ कायदा आलेला होता. बारा आठवड्यांची पगारी रजा, २०१७ पासून ती सव्वीस आठवडे. गर्भ पडला तर सहा आठवडे. आजची अट काय, तर आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेलं हवं. फडातली बाई ऐंशी दिवस संक्रांतीपर्यंतच भरते. फक्त तिचं नाव कुणाच्याच पटावर नसतं. उचलीच्या कागदावर अंगठा नवऱ्याचा, वहीत नाव मुकादमाचं, कारखान्याच्या चिठ्ठीवर गाडीचा नंबर. तिचा मालक कोण हे ठरवायला आधी ती कुठंतरी लिहिलेली असावी लागते.

मामाची स्वतःची गंमत पुढं होती. गेटच्या आत असूनही त्याच्याकडं ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं, कार्ड नव्हतं. माझा चुलतभाऊ संभाजीनगरला वाळूजच्या एका वर्कशॉपात लागला, त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जायचा, मालक सव्वातीन टक्के भरायचा. एकदा त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. उपचार तर झालेच, शिवाय जेवढे दिवस तो घरी पडून होता तेवढ्या दिवसांचे पगाराच्या सत्तर टक्के पैसे त्याच्या खात्यात आले. वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत असं मिळतं. आजीला हे पटेचना. “घरी बसल्याचे पैसे? आन् दंड कुनी भरला?” तिला वाटलं पोरगं कुठल्या तरी लफड्यात सापडलंय.

मग मामाला का नव्हतं? १९४४ साली प्राध्यापक आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्यातून १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा आला. त्यात सुरुवातीलाच म्हटलं होतं की हा कायदा हंगामी कारखाने सोडून बाकीच्यांना लागू. हंगामी कोण, त्याची यादी पुढं होती. सरकी काढणं, कापसाचे गठ्ठे दाबणं, भुईमूग फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, चहा, आणि गुळासकट साखर. नीळ संपली, लाख कुणी बघत नाही. साखर मात्र महाराष्ट्राचं राजकारण चालवण्याइतकी मोठी झाली. तरी यादीतली तिची जागा हलली नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही हंगामी कारखान्यांना तसंच बाहेर ठेवलं आहे. कारखाने कायद्यातल्या हक्काच्या रजेला वर्षात २४० दिवस भरावे लागायचे. पाच महिन्यांच्या गाळपात ते भरत नसत. मामाला जी ‘सिक’ मिळायची ती युनियननं भांडून करारात घातलेली, म्हणून. आणि करार गेटपाशी संपतो.

१९४८ हे सालही कसं बघा. त्याच वर्षी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं, देशातला पहिला मोठा सहकारी साखर कारखाना नोंदवला. शेतकरी मालक झाला, ही खरोखर मोठी गोष्ट होती आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. पण सहकारात सभासद म्हणजे ऊस पिकवणारा. तोडणाऱ्याला पहिल्या दिवसापासून मुकादमाच्या वहीत ठेवलं गेलं, आणि सहकाराच्या पंच्याहत्तरीचे सोहळे झाले तरी तो तिथंच आहे.

आता मावशीचं. ती सत्ताविसाव्या वर्षी गर्भाची पिशवी काढून आली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची. दिवसभर ओल्या फडात, कपडा बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, तर दुसरं काय होणार. ज्या खासगी दवाखान्यात गेली तिथल्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. दोन लेकरं झालेली. ऑपरेशनला पंचवीस हजार. ते मुकादमानं दिले, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून. “लई चांगला होता तो,” मावशी आजही म्हणते. मी यावर तिच्याशी वाद घालत नाही. पण त्याचा हिशोब त्याला कळत होता. महिन्याचे चार दिवस अडचण नको, बाळंतपणाचा घोळ नको; एवढ्यासाठी पंचवीस हजार काही फार नाहीत, आणि तेही मावशीच फेडणार.

वस्तीवरच्या बायका एकमेकींना सांगत गेल्या. कुणी घाबरून काढली, कुणी दुखण्याला कंटाळून, आणि कुणी अगदी डोकं ठिकाणावर ठेवून, खाड्यांचा हिशोब मांडून. हे शेवटचं कबूल करायला जड जातं. आपण त्यांना नुसत्या फसवल्या गेलेल्या, अडाणी म्हणून सोडून देतो. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी पक्क्या हिशोबी होत्या. रजा मिळणार नाही हे धरून चाललं, तर रजेचं कारणच काढून टाकणं हे त्या गणिताचं उत्तर निघत होतं.

एप्रिल २०१९ मध्ये ‘बिझनेसलाइन’ या दैनिकानं बीडच्या गावांतून ही बातमी छापली आणि जगभर बोभाटा झाला. जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या नव्व्याण्णव खासगी दवाखान्यांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा आकडा शंभरात तीनपेक्षा कमी होता. डिसेंबरमध्ये तेव्हाचे मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाळीच्या चार दिवसांची मजुरी या बायकांना कारखान्यांनी द्यावी. या सगळ्या गदारोळात दुखण्याच्या मुळाशी हात घालणारा एवढा एकच कागद मला दिसला. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून महिन्याला दोन दिवस मिळतात, तेव्हा मागणी काही चंद्रावरची नव्हती. पुढं त्या पत्राचं काही झालेलं दिसत नाही.

झालं काय, तर ऑपरेशनवर नियम आला. बीडमध्ये खासगी दवाखान्याला गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. हंगामाला निघण्याआधी आणि परतल्यावर बायकांची तपासणी होऊ लागली. टोळीतल्याच एखादीला औषधांची पेटी देऊन आरोग्यसाथी केलं गेलं. हे सगळं चांगलंच. तरी २०२५ च्या उन्हाळ्यात तपासणीचे आकडे आले त्यात १,५२३ बायका गरोदरपणी ऊस तोडत होत्या. डॉक्टरवर नजर ठेवायला माणूस नेमला, खाड्यावर कुणी नेमला नाही.

मावशीला वाटलं होतं पिशवी गेली म्हणजे दुखणं गेलं. चाळिशी यायच्या आत तिची हाडं ठणकायला लागली, अंगातून वाफा निघायच्या, रात्र रात्र झोप नाही. तरुण वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढलं की हे असं होतं. तिचं काय काय काढलं हे तिच्या कागदावर धड लिहिलेलं नाही. “आदी महिन्यातनं चार दिवस दुखायचं,” ती म्हणते, “आता तारीखच राह्यली न्हाई.” शेवटच्या दोन हंगामांत तिनं आधीच्या कुठल्याही सालापेक्षा जास्त खाडे भरले. मग तोड सोडली.

मध्यंतरी मामा निवृत्त होऊन घरी आला आणि एका संध्याकाळी आम्ही कागदावर आकडेमोड करत बसलो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, टनाला साडेतीनशेच्या वर भाव गेला. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरा, सातशे-सव्वासातशे रुपये. पाच महिन्यांत तीनशे टन. आता या जोडीला महिन्याला दोन दिवस दवाखान्याची पगारी सुट्टी द्यायची म्हटली, तर हंगामाचे दहा दिवस, सव्वासात हजार. तीनशे टनांवर वाटले की टनाला चोवीस रुपये. टनभर उसाची शंभर किलो तरी साखर होते. मामानं चष्मा पुसून भागाकार पुन्हा केला. किलोला चोवीस पैसे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, त्याच्यासाठी कारखान्यांनी टनामागं दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलेलंच आहे. म्हणजे चोवीसातले वीस रुपये आजही कागदावर आहेत. त्यातून पोरांची वसतिगृहं चालावीत, ती हवीतच. पण आजाऱ्याच्या दिवसाची मजुरी हा खर्चाचा मथळा मला कुठं आढळला नाही.

“पैशाचं राहू दे,” मावशी चुलीपाशी बसून ऐकत होती, “चिठ्ठी कुनाची मागत्याल? डाक्टर कुठं हाय फडावर?” मामा गप्प झाला. तिचं बरोबर होतं. वाळूजच्या भावाला ईएसआयचा दवाखाना होता, तिथल्या डॉक्टरची सही होती. फडावर सही करायला चिटबॉय.

यंदा मावशीची सून जाणार आहे. दहावी झालेली, मोबाइलवर सगळं वाचणारी. मुकादम स्टँप घेऊन आला तेव्हा तिनं तो नवऱ्याच्या हातातून घेतला आणि मोठ्यानं वाचला. उचलीची रक्कम, जामीन, मुदत. खाड्याचं त्यात अक्षर नव्हतं. ते तोंडी असतं. तिनं विचारलं, दवाखान्यात गेलं तर काय? मुकादम हसला, मग म्हणाला, कारखान्याला विचार. कारखाना काय म्हणतो ते सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणतो मुकादमाला विचारा. ती हटेना. शेवटी तो म्हणाला, सरकारी दवाखान्याचा कागद आणलास तर निम्माच खाडा लावीन. “लावता कशाला?” तिनं विचारलं. सही अजून झालेली नाही. तो दोनदा येऊन गेला आहे, आणि वस्तीवरच्या आणखी तीन घरांनी स्टँप वाचायला तिच्याकडं आणून दिले आहेत.